तैयब मेहतांची कोसळणारी माणसं

तैयब मेहतांचं चित्र पहिल्यांदा बघताना बहुतेकांना ते फार साधं वाटतं. सपाट रंग, बारीक रेषा, ब्रशचा फटकारा कुठेही नाही. पण जरा थांबून हातापायांकडे बघा. खांदा भलत्याच ठिकाणी, पाय उलटा वळलेला, तोंड उघडं. माणूस पडतोय आणि त्याला धरायला चित्रात काहीच नाही, जमीनसुद्धा नाही.

यामागे एक खरी घटना आहे. फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारलं, ते तरुण तैयब यांनी खिडकीतून पाहिलं. त्या दृश्याने आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत मात्र हा सपाटपणा नाही, रंगाचे जाड थर आहेत. 1968 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकी चित्रकार बार्नेट न्यूमनचं काम पाहिलं आणि कॅनव्हास सपाट होत गेला. मग तिरक्या पट्ट्याने देह मधोमध चिरणारी 'डायगोनल' मालिका आली. मला तर हीच चित्रं जास्त अस्वस्थ करतात, कारण रंग शांत आहेत आणि आक्रोश सगळा आकारात आहे.

2005 मध्ये त्यांचं 'महिषासुर' दहा लाख डॉलरच्या पुढे विकलं गेलं आणि बातम्या किमतीच्याच झाल्या. त्यापेक्षा त्यांचा 1970 चा लघुपट 'कूडल' शोधून बघा. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत. त्यांच्या चित्रांतले जखडलेले बैल त्यानंतर वेगळेच दिसतात.