घंटा, खिचडी आणि छडी

बुटीबोरीतल्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होताच, खिचडी दिसण्याआधीच मुलांच्या तोंडाला पाणी सुटते. असे का व्हावे? पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल मिळवणारे पावलॉव्ह यांना कुत्र्यांमध्ये हेच आढळले. अन्नाने लाळ सुटणे उपजत असते. पण दर वेळी अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. हेच अभिसंधान. अन्नाविना आवाज वारंवार ऐकवला, की लाळ हळूहळू कमी होते.

भीतीही अशीच जडते. गणिताच्या तासाला छडी बसत गेली, तर पुढे पुस्तक पाहूनच छाती धडधडते. छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. परंतु जडलेली भीती जाण्यासाठी गणिताचे अनेक तास निर्धास्तपणे जावे लागतात. चुकलेले उत्तर आपण शांतपणे ऐकतो ना?