दुधाआडची पत्ती

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे त्या मंडळींत होती. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य उभे राहिले आणि पुढे प्रायश्चित्तेही झाली. चहा कोण प्याला, कोणी पेल्याला नुसता हात लावला आणि कोणी तेवढेही केले नाही, याची छाननी त्या काळी मोठ्या बारकाईने झाली. तो चहा चवीला कसा होता, याची वास्तपुस्त मात्र त्या गदारोळात कोणी केली असेल असे वाटत नाही.

वस्तुतः ही उणीव त्या एका प्रसंगापुरती मर्यादित नाही. मराठीत चहावर भरभरून लिहिले गेले आहे. परंतु ते लेखन बहुतांशी चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या माणसांविषयीचे आहे. चहाची प्रत सांगण्यासाठी जे शब्द सर्रास वापरले जातात ते तपासून पाहावेत. 'कडक' हा शब्द उकळीचा, 'गोडमिट्ट' साखरेचा, 'बासुंदी' दुधाची, आणि 'पाणचट' हा तर दूध व पूड दोन्ही वाचवणाऱ्या यजमानाचा. पत्तीच्या स्वतःच्या गुणाविषयी बोलणारा शब्द या यादीत जवळजवळ नाहीच. भाषेपाशी असे शब्द नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. आवळा खाऊन वर पाणी पिणाऱ्या, जांभळांनी जीभ जड करून घेतलेल्या, विड्यात कात जास्त झाला की तोंड वाकडे करणाऱ्या माणसाला तुरट रस कोणी शिकवावा लागत नाही. आयुर्वेदाने सहा रसांत कषाय रसाची गणना केली. चहाच्या पानाचा मूळ रस हाच; आणि नेमका तोच झाकण्यासाठी पातेल्यात दूध व साखर पडते.

याबद्दल पिणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. हिंदुस्थानात चहा पिकू लागला तो हिंदुस्थानाने प्यावा म्हणून नव्हे. आसामचा पहिला चहा १८३८ साली लंडनला रवाना झाला. १८६१ पासून कलकत्त्यात लिलाव होऊ लागले तरी मालाचे तोंड परदेशाकडेच राहिले. देशी गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते १९३०च्या दशकात, जगाच्या बाजारात मंदी आल्यावर. मग रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या आणि पेले फुकट वाटले गेले. गिऱ्हाइकाने चहा स्वीकारला, कृती मात्र स्वतःची ठेवली; मसाला घातला की पत्ती कमी लागते, म्हणून प्रचारकांना ती कृती फारशी रुचली नाही. मसाल्याची ही आवड नवी आहे असेही नाही. १६८९ साली सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तेथील लोक चहाच्या पाण्यात गरम मसाले उकळतात, कोणी खडीसाखर घेतात, कोणी मुरवलेले लिंबू घेतात, असे लिहून ठेवले आहे.

त्याच सुमारास, म्हणजे १९३०च्या आगेमागे, आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे दाणे करणारे यंत्र आले. 'सीटीसी' ही अक्षरे या तीन क्रियांचीच आद्याक्षरे होत. या दाण्यांतून रंग झटकन उतरतो, चमचाभर पुडीत अधिक पेले होतात आणि वर दूध ओतले तरी चहा मागे हटत नाही. काटकसरीने चालणाऱ्या संसाराला यापेक्षा सोयीची वस्तू मिळणे कठीण होते. आज भारतात वर्षाला एकशे तीस कोटी किलोंच्या आसपास चहा तयार होतो, त्यातला सुमारे ऐंशी टक्के देशातच खपतो आणि त्यात दाणेदार चहाचाच वाटा फार मोठा आहे. अख्खी पाने कोमेजवून, रुळांखाली वळवून, हवेत मुरू देऊन वाळवण्याची जी जुनी रीत, तिला व्यवसायात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. त्या रीतीचा चहा आपल्या घरात क्वचित येतो, आणि आला तर दिवाळीच्या भेटीच्या डब्यातून येतो. मग कोणीतरी तो नेहमीप्रमाणे आले घालून दुधात खळखळ उकळते आणि 'यात काही दम नाही' असा निकाल देऊन डबा फडताळात मागे सारला जातो.

हा निकाल कसा चुकतो हे चहा पारखणाऱ्यांच्या खोलीत कळते. तेथे पत्ती तोलून घेतात. १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे वेळ. पारखी चमचाभर पाणी मोठ्याने भुरका मारून ओढतो, ते सगळ्या तोंडात फिरवतो आणि थुंकून देतो. घरी बशीतून भुरका मारणाऱ्या आजोबांना ज्यासाठी बोलणी खावी लागत, तीच क्रिया येथे विद्येचा भाग आहे. कारण वासाचा बराचसा अंश घशाकडून नाकात चढतो, आणि हवेसह ओढल्याने तो अधिक सहज चढतो.

अशा रीतीने दूध न घालता दार्जिलिंगची पहिली खुडणी, म्हणजे मार्च-एप्रिलची पत्ती, प्यायला घेतली तर सवयीच्या डोळ्यांना प्रथम फसवणूकच वाटते. रंग फिकट, जवळजवळ गव्हाळ. पहिल्या घोटाला हाती काही लागत नाही. दुसऱ्या घोटाला कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यांचा हिरवेपणा जाणवतो, त्यामागून आंब्याच्या मोहोरासारखा एक उडता वास येतो, आणि पेला संपल्यावर जिभेच्या कडांना बारीक तुरटी राहते. ही चव नाजूक आहे खरी, परंतु तिचे जे अवाजवी कोडकौतुक होते ते सर्वांना पटेलच असे नाही. काहींना ती अर्धीकच्ची वाटते, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. मे-जूनमधील दुसरी खुडणी मात्र निराळी आहे. पाणी तांबूस, अंगाला भरीव, आणि वास पिकल्या द्राक्षाचा, किंबहुना काळ्या मनुकेचा. या वासाचे श्रेय बरेचसे एका किड्याला आहे. हिरवे तुडतुडे कोवळी पाने शोषतात, झाड स्वसंरक्षणार्थ काही द्रव्ये निर्माण करते आणि त्यांतून हा सुगंध उपजतो. द्राक्षबागांत तुडतुड्यांवर फवारे मारणाऱ्या नाशिककडच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटावे.

आसामच्या अख्ख्या पानात ही नजाकत शोधू नये. भाजलेल्या सातूच्या पिठात पाणी पडताच जो खमंग वास उठतो, त्याच्या जवळ जाणारी ही चव आहे. जड, तोंड भरून टाकणारी. दुधाशी तिचे सख्य आहे आणि त्याला कारण आहे. दुधातील प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांना बांधून घेतात. आसामच्या पत्तीत ही द्रव्ये मुबलक, म्हणून काही बांधली गेली तरी पुष्कळ उरतात. दार्जिलिंगची थोडकी शिल्लक दुधात बुडते. दिवाळीच्या डब्यावर 'दम नाही' हा शेरा बसतो तो यामुळे. निलगिरीची पत्ती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. पाणी स्वच्छ, वास हलका, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत खुडलेली तर फुलांकडे झुकणारी. कांगड्याचा चहा एके काळी नावाजलेला होता. १९०५च्या भूकंपाने तेथील मळे असे मोडले की तो वैभवाचा काळ परत आला नाही. तेथील हिरवा चहा आजही मिळतो. हिरव्या चहाला कडू म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, त्यावर खळखळते पाणी ओतले तर तो कडू होणारच. उकळी बसल्यानंतर दोन-चार मिनिटे थांबावे लागते.

सुगंधी चहांची गोष्ट जरा वेगळ्या मापाने मोजावी लागते, कारण तेथे दोन अगदी भिन्न व्यवहार एकाच नावाखाली चालतात. चीनमध्ये फुजियान प्रांतात चमेलीचा चहा करतात, तेव्हा रात्री उमलणाऱ्या कळ्या हिरव्या पत्तीच्या थरांत घालून ठेवतात, सकाळी फुले वेचून काढतात आणि उंची मालासाठी हीच क्रिया पुन्हा पुन्हा करतात. उशाशी मोगऱ्याचा गजरा ठेवून झोपलेल्याला सकाळी उशीला जो वास येतो, तसा तो वास पत्तीत मुरतो. घोटात आधी पत्ती लागते, फूल मागून येते. त्याच प्रांतातील वूयी डोंगरात पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला एक काळा चहा होतो. शहरी माणसाला तो प्रथम असह्य वाटतो. पण ज्याने लहानपणी चुलीवरचा, काटक्यांच्या धुराचा चहा घेतला आहे, त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. 'अर्ल ग्रे' या नावाने जो चहा जगभर विकला जातो त्यात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असते. ईडलिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा तो वास. पत्ती चांगली आणि तेल बेताचे असेल तर हा चहा प्रसन्न असतो. हात सैल सुटला की साबणाची आठवण होते.

दुसरा व्यवहार बाटलीतल्या अर्काचा. गुलाब, चॉकलेट, पान, आंबा अशा नावांचे रंगीबेरंगी डबे आज दुकानांत मांडलेले असतात. डबा उघडताच वास दरवळतो, पाणी ओतताना अधिकच दरवळतो आणि घोट घेतला की तोंडात साधे कोमट पाणी आल्यासारखे होते. सगळा खर्च नाकावर झालेला असतो. दुबळ्या पत्तीला अत्तर लावून उभे करण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल. याउलट घरचे आले, वेलची किंवा परसातला गवती चहा यांत लपवाछपवी कसलीच नाही. जो घालतो त्याला काय घातले हे ठाऊक असते. मराठीने तर एका गवतालाच चहाचे नाव देऊन टाकले आहे. त्या पात्यांचा लिंबासारखा वास दाणेदार चहाच्या खरखरीत तुरटपणाला जसा मऊ करतो तसे डब्यातील कोणताही अर्क करीत नाही.

चवीची ही चर्चा रिकामपणची वाटेल, परंतु तिच्याशी काहींची भाकरी जोडलेली आहे. दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली देशातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील ८७ मळ्यांतून २०१६ साली सुमारे ८० लाख किलो चहा निघाला होता. २०१७ साली १०४ दिवसांच्या बंदमुळे तो ३० लाखांच्या आसपास आला आणि २०२३ साली ६० लाखांच्या घरातच राहिला. झाडे म्हातारी झाली आहेत, पाऊस लहरी झाला आहे आणि परदेशी गिऱ्हाईक एकदा तुटले की सहजी परतत नाही. सरहद्दीपलीकडे नेपाळच्या इलाम भागात होणारी पत्ती दार्जिलिंगच्या नावाने विकली जाते, ही तेथील मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. इलामची पत्ती वाईट नाही, कित्येकदा उत्तमच असते. परंतु ती तिच्या नावाने विकली जावी. मानांकनाचे बोधचिन्ह डब्यावर छापता येते, पिणाऱ्याच्या जिभेवर नाही. देशातील गिऱ्हाइकाला एकातून दुसरे ओळखता येत नसेल, तर दोन्हींची किंमत व्यापारी सांगेल तीच. आणि ती किंमत खाली आली की सर्वांत आधी हात आखडतो तो खुडणीवरच्या बाईसाठी. एक किलो तयार चहाला साडेचार किलोंच्या आसपास हिरवी पाने लागतात आणि ऑर्थोडॉक्स चहासाठी ती दोन पाने व एक कळी अशी निवडून खुडावी लागतात. २०२३ साली पश्चिम बंगालच्या मळ्यांत या कामाची रोजची मजुरी वाढून २५० रुपये झाली.

असा चहा शिक्षकाच्या वा कारकुनाच्या आवाक्याबाहेरचा, हा समजही हिशेबाला टिकत नाही. पेल्यास दोन ग्रॅम धरले तर शंभर ग्रॅमचे पन्नास पेले होतात. शंभर ग्रॅमला चारशे रुपये मोजले, तरी पेला आठ रुपयांना पडतो. टपरीवरचा 'कटिंग' अनेक शहरांत दहाला आहे. शिवाय अख्ख्या पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतता येते, जे दाणेदार पुडीबाबत होत नाही. दूध, साखर आणि गॅस यांची बचत निराळी. सवय मोडण्याचीही आवश्यकता नाही. सकाळचा आल्याचा चहा सकाळी राहू द्यावा. रविवारी दुपारी पातेले खाली उतरवून त्यात दोन चमचे आसामची अख्खी पत्ती टाकावी, वर झाकण ठेवावे आणि चार मिनिटांनी गाळावे. पहिले दोन घोट तसेच घ्यावेत, तिसऱ्याला हवे तर दूध घालावे. गाळण्यातील चोथा मात्र लगेच कुंडीत टाकू नये. उकललेली पाने बोटाने पसरून पाहिली तर त्यांची दातेरी कड आणि मधली शीर स्पष्ट दिसते, आणि चांगला माल असेल तर एखाददुसरी कळीही सापडते.