कायदा येतो कोठून?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी म्हण आहे. म्हण खरी आहे. कोर्टकचेरीत पैसा जातो, दिवस मोडतात, झोप उडते. पण पुष्कळांना ही पायरी चढावी लागते ती कायदा न कळल्यामुळेच. आणि कित्येकदा तर चढतात तीही भलत्याच कचेरीची पायरी!

म्हणून आज आपण कायद्याची ओळख करून घेऊ. कलमे पाठ करायची नाहीत. दोनच गोष्टी समजून घ्यायच्या. कायद्याचे प्रकार किती? आणि कायदा येतो कोठून?

एक भांडण, तीन कचेऱ्या

समजा, मिरगाच्या तोंडावर शेजाऱ्याने नांगरता नांगरता तुमचा बांध कोरला. तुमच्या शेताचे दोन तास त्याच्याकडे गेले. तुम्ही विचारायला गेलात. शब्दाने शब्द वाढला. त्याने काठी घातली. तुमचे डोके फुटले. घरी येऊन सातबारा काढला, तर जुन्या फेरफारात तुमचे क्षेत्रच कमी लागलेले!

तुम्ही म्हणाल, हे एकच भांडण. कायदा म्हणतो, ही तीन आहेत.

काठी मारली, हा गुन्हा झाला. हे काम फौजदारी. त्यासाठी पोलीस ठाण्यात जायचे. गुन्ह्याची खबर लिहून घेतली की तिची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यायची. फौजदारी खटल्यात सरकार आरोपीविरुद्ध उभे राहते. गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा होते. १८६० साली इंग्रजांनी केलेला दंडसंहितेचा कायदा पुष्कळ वर्षे चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे.

जमीन कोणाची, हा प्रश्न दिवाणी. तो दिवाणी न्यायालयात सुटतो. इथे तुरुंग नाही. इथे हक्क ठरतो. त्याआधी भूमी अभिलेख कचेरीत पैसे भरून मोजणी करून घ्यावी. मोजणीने खूण पटली तर भांडण तिथेच मिटते. मात्र हातावर हात ठेवून बसू नये. दुसरा माणूस तुमची जमीन मालक म्हणून उघडपणे १२ वर्षे वाहत राहिला आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तुमचा हक्क बुडू शकतो.

सातबाऱ्यावरील नोंद चुकली, हे काम महसुली. त्यासाठी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील या वाटेने जायचे. हा कारभार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याने चालतो. खालच्या अधिकाऱ्याचा हुकूम पटला नाही, तर साधारणपणे ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील वेळेत केले पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, सातबारा हा मालकीचा अखेरचा निकाल नव्हे. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयच सोडवते.

बांधाच्या मालकीसाठी पोलिसांकडे हेलपाटे घालणारा माणूस दमून जातो. पोलीस वाईट असतात म्हणून नव्हे. ते काम त्यांचे नसते म्हणून.

कायद्याचे झरे

गोदावरीला जसे अनेक ओढे-नाले मिळतात, तसा कायदाही अनेक ठिकाणांहून येतो.

सर्वांत वर राज्यघटना आहे. ती २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. राज्यघटनेला सोडून कोणताही कायदा टिकत नाही.

तिच्या खाली आपण निवडून दिलेल्या सभांचे कायदे. दिल्लीला संसद आणि मुंबईला विधानमंडळ कायदे करते.

तिसरा झरा रूढीचा. आपल्याकडे पुष्कळ घरांत मामाच्या मुलीशी लग्न लागते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा इतक्या जवळच्या नात्यात लग्न नको म्हणतो. पण तोच कायदा पुढे सांगतो की दोन्हीकडे तशी जुनी रूढी असेल, तर लग्न चालेल. म्हणजे इथे रूढीलाच कायद्याचे बळ आले.

मग सगळ्याच रूढी कायदा मानतो का? मुळीच नाही. अस्पृश्यताही रूढीच होती. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने ती बंद केली आणि ती पाळणे गुन्हा ठरवला. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकणे, हीही रूढीच होती. महाराष्ट्राने २०१६ साली कायदा करून तोही गुन्हा ठरवला. जी रूढी माणसाला माणूस मानत नाही, तिला कायद्यात जागा नाही.

चौथा झरा धर्मशास्त्राचा. लग्न आणि वारसा या बाबतींत मुसलमान बांधवांना शरियतचा कायदा लागतो. हिंदूंमध्ये पूर्वी मिताक्षरा हा ग्रंथ आधार मानीत. तो सुमारे ९०० वर्षांपूर्वी विज्ञानेश्वर पंडिताने कल्याणीला लिहिला. हे गाव आज बीदर जिल्ह्यात बसवकल्याण म्हणून आहे. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही.

पाचवा झरा न्यायालयांच्या निकालांचा. कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालय जो लावते, तो देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो.

मुलीचा वाटा

हे झरे एकत्र कसे वाहतात ते पाहा. मिताक्षरेने सांगितले की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मानेच हक्क मिळतो. मुलीला तो नव्हता. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला. पण जन्माचा हक्क तेव्हाही मुलाकडेच राहिला. ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेने हा जन्माचा हक्क मुलीलाही दिला.

तरी एक शंका उरली. त्या तारखेपूर्वीच वडील वारले असतील तर? निरनिराळी न्यायालये निरनिराळे सांगू लागली. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील त्या दिवशी जिवंत नसले तरी चालेल. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेले वाटप मोडता येत नाही.

ग्रंथाचा विचार, संसदेचा कायदा आणि न्यायालयाचा निकाल असे तीन झरे मिळाले, तेव्हा लेकीच्या पदरात हा हक्क पडला.

राज्य बदलले, कायदा राहिला

आपल्या घरच्या जुन्या पेटीत कधी उर्दू लिहिलेला कागद सापडतो. त्यावर १३५० च्या आसपासचा सन असतो. तो फसली सन. त्यात साधारण ५९० मिळवले की आपला इसवी सन निघतो. हा कागद निजामाच्या अमलातला. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे फर्मान हा तिथला सर्वांत मोठा कायदा.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली. पण राज्य बदलले म्हणून कायदा आपोआप जात नाही. नवा कायदा होईपर्यंत जुनाच चालतो.

म्हणूनच आज एका महाराष्ट्रात तीन कूळकायदे आहेत. पुण्याकडे १९४८ चा, विदर्भात १९५८ चा आणि आपल्या मराठवाड्यात हैदराबाद राज्याने १९५० साली केलेला. पुण्याच्या पाहुण्याने कूळहक्काबद्दल सांगितलेली गोष्ट परभणीत लागू होईलच असे नाही. आजोबा कूळ होते असे घरात सांगत असतील, तर जुनी पाहणी पत्रके आणि खासरा पत्रक जपून ठेवा. कागद उर्दू आहे म्हणून चुलीत घालू नका. कदाचित तोच तुमच्या जमिनीची साक्ष देईल.

दुसरीकडे काय चालते?

जगातही असेच निरनिराळे मार्ग आहेत. इंग्लंडात न्यायाधीशांचे निकाल साठत साठत कायदा वाढला. फ्रान्सात नेपोलियनने १८०४ साली दिवाणी कायदा एका पुस्तकात बांधून दिला. पोर्तुगालने तीच वाट धरली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. त्यांच्या १८६७ च्या कायद्याच्या आधाराने तिथे आजही सर्व धर्मांच्या लोकांना लग्न आणि वारशाचा जवळजवळ एकच कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा हक्क असतो.

आपल्या देशाने दोन्ही वाटा घेतल्या. पुस्तकातला कायदाही आहे आणि निकालही आहेत.

सहीच्या आधी

आता शेवटची गोष्ट. बाप वारला की भाऊ कागद घेऊन येतो. "आक्का, इथं सही कर. तलाठ्याला द्यायचाय." बहीण सही करते. पुढे कळते की तो हक्कसोडीचा कागद होता. भाऊ दरवेळी लबाडच असतो असे नाही. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडावा, त्याला कायद्याची मनाई नाही. "माहेर तुटेल" या भीतीने कित्येक जणी सही करतात. पण न वाचता सोडलेला हक्क हा सोडलेला नव्हे, तो हरवलेला हक्क. आणि हरवलेले परत मिळवायला मग कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

कागद कळला नाही तर विचारा. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि गरीब यांना तिथे वकील फुकट मिळतो.

काल आपण अंगठा उठवत होतो. अंगठ्याला वाचता येत नव्हते. आज आपल्याला वाचता येते. तेव्हा आधी वाचावे, मग विचारावे आणि त्यानंतरच सही करावी.