गागोद्याच्या रानातली तीन वर्षे

पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला गागोदे आहे, विनोबांचे जन्मगाव. २३ मे २०१२ रोजी गागोदे खुर्दच्या रानात एक जळालेला, कुजलेला मृतदेह आढळला. गावच्या पोलीस पाटलाने वर्दी दिली, पेणचे पोलीस आले, पंचनामा झाला, डॉक्टरांनी जागेवरच शवविच्छेदन केले. काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे गेले आणि बाकीचे तिथेच पुरण्यात आले. ठाण्याच्या डायरीत नोंद पडली. पण खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. इतकेच काय, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नाही.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलते ती ही न झालेली नोंद. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे संशयास्पद मृत्यू कळला की पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आणि चौकशी करायची. ज्याला पोलीस ठाण्यात ‘एडी दाखल करणे’ म्हणतात ते हेच. एकदा एडीचा नंबर पडला की त्या मृत्यूची फाइल तयार होते. जे. जे.कडून अहवाल का आला नाही, हे कुणाला तरी विचारावे लागते. वर्णन इतर ठाण्यांतल्या बेपत्ता माणसांशी ताडून पाहावे लागते. रानात माणूस आपोआप जळत नाही, हे कळायला मोठा तपास लागत नाही. तरीही गागोद्याच्या त्या मृतदेहाला नंबर मिळाला नाही, आणि म्हणून त्याची विचारपूस करणारेही कुणी उरले नाही.

त्याच्या महिनाभर आधी, २४ एप्रिलला, मुंबईतून शीना बोरा दिसेनाशी झाली होती. मुंबई मेट्रो वनमध्ये नोकरी करणारी, पंचविशीतली मुलगी. ती अमेरिकेला गेल्याचे ओळखीच्यांना सांगण्यात आले. मुंबईत बेपत्ता असल्याची तक्रार नाही आणि पेणमध्ये एडी नाही. दोन तासांच्या रस्त्याची ही दोन टोके तीन वर्षे एकमेकांना भेटलीच नाहीत.

ती जुळली तीही पेणच्या तपासातून नव्हे. ऑगस्ट २०१५मध्ये खार पोलिसांनी श्यामवर राय या चालकाला बेकायदा पिस्तुलासह पकडले. शीनाच्या खुनाबद्दलच्या त्याच्या जबाबावरून २५ ऑगस्टला शीनाची आई इंद्राणी मुखर्जी यांना, पाठोपाठ कोलकात्यातून त्यांचे आधीचे पती संजीव खन्ना यांना आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे पती पीटर मुखर्जी यांना अटक झाली. पोलिसांनी गागोद्याला जाऊन पुन्हा उकरले, हाडे काढली. पेणच्या पोलिसांनी तेव्हा काय केले, याची चौकशी पोलीस महासंचालकांनी लावली. सप्टेंबरमध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त राकेश मारिया बदलले आणि तपास सीबीआयकडे गेला. वाहिन्यांना श्रीमंत घरातली भांडणे हवी होती, ती त्यांना पोटभर मिळाली. गागोद्यापुढे गाड्यांची रांग लागली, पण २०१२च्या त्या न झालेल्या नोंदीचा विषय दोन-चार दिवसांत मागे पडला.

खटला २०१७मध्ये उभा राहिला. राय माफीचा साक्षीदार झाला. इंद्राणी यांनी आरोप नाकारले. शीना जिवंत असून काश्मीरमध्ये दिसल्याचा दावाही त्यांनी २०२१मध्ये केला. पीटर यांना २०२०मध्ये, तर इंद्राणी यांना मे २०२२मध्ये जामीन मिळाला.

मग २०२४ साल उजाडले. जे. जे.च्या तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष चालू असताना, पेणमध्ये मिळालेल्या हाडांची पाकिटे सापडत नाहीत, असे सीबीआयने न्यायालयाला सांगितले. जुलैत कळले की ती दिल्लीतल्या सीबीआयच्याच कार्यालयात पडून आहेत. ही बातमी वाचून राग येतो तो मुद्देमालाच्या हेळसांडीपेक्षाही मोठ्या गोष्टीचा. ज्या देहाची पहिल्या दिवशी नीट नोंद झाली नाही, त्याची वाटचाल पुढे कागदावर सलग राहणार कशी? २०१२ला मिळाले ते अवशेष आणि २०१५ला उकरले ते एकाच माणसाचे आहेत का, हा प्रश्न बचाव पक्ष विचारणारच, आणि त्याचा तो हक्कच आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण उत्तरासाठी सरकारी पक्षाला ज्या कागदांवर उभे राहायचे आहे, त्यांतला पहिलाच कागद पेणच्या ठाण्यात तयार झाला नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये इंद्राणी यांची परदेश प्रवासाची मागणी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने खटला वर्षभरात निकाली काढायला सांगितले. त्या वेळी गागोद्याच्या रानातल्या त्या पंचनाम्याला तेरावे वर्ष चालू होते.