वर की खाली? आभाळातला अर्ध्या मिनिटाचा निर्णय



रात्री अंगणात बाज टाकून पडले, की चांदण्यांतून एक लुकलुकता दिवा सरकताना दिसतो. पोरे 'इमान, इमान' म्हणून ओरडतात आणि आपण कूस बदलतो. पण त्या दिव्यामागे शे-दोनशे जीव बसलेले असतात, आणि त्याच आभाळातून दुसरी विमानेही चाललेली असतात. ती एकमेकांवर का आदळत नाहीत? आणि तशी वेळ आलीच, तर वैमानिक काय करतो?

आभाळात बांध नाहीत, तरी वाटा ठरलेल्या आहेत. एकाच वाटेवरच्या विमानांना वेगवेगळी उंची नेमून देतात आणि दोघांत साधारण हजार फुटांचे अंतर ठेवतात. जमिनीवर बसलेला नियंत्रक रडारच्या पडद्यावर ही सारी विमाने पाहतो आणि रेडिओवरून वैमानिकांना हुकूम देतो. एरवी त्याचा शब्द हाच कायदा.

पण माणूस चुकतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील चरखी दादरीजवळ एकमेकांवर आदळले. कझाक विमानाने १५,००० फुटांवर थांबायचे होते. ते त्याखाली उतरले. सौदी विमान १४,००० फुटांवर होते. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे गेली. अवशेष पडले ते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या शेतांत. त्यानंतर आपल्या देशात ये-जा करणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. या यंत्राला 'टीकॅस' म्हणतात.

याचे काम समजायला सोपे आहे. विमानातले यंत्र भोवतालच्या विमानांना सतत साद घालते आणि मिळालेल्या उत्तरावरून ते किती लांब व किती उंचीवर आहेत ते ओळखते. त्याचा सारा हिशेब वेळेचा असतो. समोरासमोर येणारी दोन विमाने ताशी ९०० किलोमीटरने उडत असतील, तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला ५०० मीटरने तुटते. तीस सेकंदांत पंधरा किलोमीटर! आपला तंबाखू मळून होईस्तोवर सारा खेळ आटोपतो.

यंत्राचे इशारे दोन. गाठ पडण्याच्या २० ते ४८ सेकंद आधी पहिला इशारा होतो, 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. म्हणजे सावध राहा, पण विमान हलवू नका. धोका टळला नाही, तर १५ ते ३५ सेकंद उरले असता दुसरा इशारा होतो, 'क्लाइंब, क्लाइंब' म्हणजे वर जा, किंवा 'डिसेंड, डिसेंड' म्हणजे खाली जा. हा दुसरा इशारा म्हणजे हुकूमच.

अरुंद बांधावर दोन माणसे समोरासमोर आली, की दोघेही एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा एकमेकांपुढेच येतात, हे तुम्ही पाहिले असेल. आभाळात तसे होऊ नये म्हणून दोन्ही विमानांतली यंत्रे आधी आपसात ठरवतात. एकाला वर जायला सांगितले, तर दुसऱ्याला खाली. पण ही वाटणी खरी कधी ठरते? दोघांनीही ऐकले तरच.

ती ऐकली गेली नाही, तर काय होते हे १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर दिसले. रशियातील उफा शहरातील शाळकरी मुले सुट्टीसाठी स्पेनमधील बार्सिलोनाला निघाली होती. त्यांच्या विमानाची वाट मालवाहू बोइंग विमानाने छेदली. दोन्ही ३६,००० फुटांवर. झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. दुरुस्तीमुळे काही सोयीही बंद होत्या. त्याला धोका उशिरा दिसला आणि त्याने मुलांच्या विमानाला खाली उतरायला सांगितले. लगोलग यंत्र म्हणाले, वर जा. सहवैमानिकाने तसे सांगितलेही. पण नियंत्रकाचा शब्द मानून विमान उतरतच राहिले. बोइंगला यंत्राने खाली जायला सांगितले होते, तेही खालीच उतरले. दोन्ही विमाने आदळली आणि ७१ जण दगावले.

वैमानिकांना सगळा दोष देणे बरे नव्हे. दोन हुकूम उलटसुलट आले तर कोणता पाळायचा, याबाबत त्या वेळच्या पुस्तकांतच एकवाक्यता नव्हती. आदल्याच वर्षी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानमध्ये असाच प्रसंग घडला. तिथे दोन विमाने थोडक्यात वाचली. मात्र ऐनवेळच्या हिसक्याने सुमारे शंभर जण जखमी झाले.

पुढे २००३ मध्ये नियम निःसंदिग्ध करण्यात आला. यंत्राचा हुकूम आणि नियंत्रकाचा हुकूम वेगळा असेल, तर वैमानिकाने यंत्राचेच ऐकावे. पाच सेकंदांत हालचाल सुरू करावी. यंत्राने सांगितले त्याच्या उलट कधीही जाऊ नये. दुसरे विमान डोळ्यांना दिसले तरी नजरेवर विसंबू नये, कारण अंधारात दिव्यांची उंची फसवते, आणि दिसलेले विमान तेच असेल असेही नाही. वैमानिकाने कळवल्यावर नियंत्रकाने त्या विमानाला वर-खालीचे हुकूम देऊ नयेत. फार जोरात झेप घेणेही चूक, कारण वरच्या थरात तिसरे विमान असू शकते. बहुधा काही शे फुटांच्या फरकाने काम भागते. या नियमालाही अपवाद आहे. जमीन जवळ आल्याचा इशारा झाला, तर तो आधी पाळायचा.

आणि हे सारे वैमानिक जमिनीवरच्या नकली विमानात बसून पुन्हापुन्हा घोटवतात. विचार आधीच झालेला असतो; वेळेवर फक्त हात चालवायचा असतो.

आपल्या घरी यातून घेण्यासारखे आहे. साप चावला, की एक म्हणतो मांत्रिकाकडे न्या, दुसरा म्हणतो जखम कापा, तिसरा म्हणतो आवळून बांधा. या गलक्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून आजच, सारे घर जेवायला बसेल तेव्हा ठरवून टाका. दंश झालेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, कापाकापी नाही, घट्ट आवळणे नाही. लस मिळणारा दवाखाना कोणता, गाडी कोणाची, आणि त्या वेळी शब्द कोणाचा चालणार. लहान पोरालाही हे पाठ असू द्या.