गॅस भरला, पण मोजला कुणी?

एसी २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच चालवायचा, असा नियम आणणार असल्याचं केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलं आणि सगळी चर्चा रिमोटभोवती फिरू लागली. नवतपाच्या कडक उन्हात घाम पुसणाऱ्या नागपूरकराचा प्रश्न वेगळा आहे: रिमोटवर २४ लावूनही खोली थंड का होत नाही? मेकॅनिक येतो, गेज लावतो, ‘गॅस कमी आहे’ म्हणतो, भरतो, पैसे घेऊन जातो.

मुळात एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर तो गळलेला असतो. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

शिवाय कमी असल्याचं ठरलं कशावरून? आर-३२ गॅसच्या एसीत जाड पाइपावरचं गेज १२३ पीएसआय दाब दाखवत असेल, तर आतल्या कॉइलमध्ये द्रव साधारण ५ अंशांना उकळतोय, एवढंच कळतं. आता त्याच पाइपाचं तापमान घ्या. ११ अंश आलं, तर सुपरहीट ६ अंश: सगळा द्रव उकळून वाफ थोडी तापलीही. २० आलं, तर द्रव कॉइलच्या वाटेतच संपतोय. गॅस कमी असल्याचा संशय रास्त. ५ च आलं, तर द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचण्याची भीती. तिन्ही वेळा काटा मात्र एकाच जागी.

सुपरहीट आतल्या कॉइलचं, तसं सबकूलिंग बाहेरच्या कॉइलचं. तिथल्या दाबाला वाफेचा द्रव ५५ अंशांना होत असेल आणि पुढे तो ४९ अंशांपर्यंत निवत असेल, तर सबकूलिंग ६. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या इन्व्हर्टर एसीत सुपरहीट व्हॉल्व्हच सांभाळतो, त्यामुळे गॅसचा अंदाज सबकूलिंगवरून घ्यायचा. पण घरगुती स्प्लिटमध्ये बाहेरच्या कॉइलचा दाब मोजायला बहुधा जोडणीच नसते.

खरी गोम नागपूरच्या उन्हात आहे. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हऐवजी नुसती बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी असलेल्या एसीसाठी सुपरहीट किती हवं, याचे तक्ते असतात. बाहेर तापलं की अपेक्षित सुपरहीट घटतं. घरातली हवा कोरडी असली की आणखी घटतं. पारा ४५ वर आणि हवा कोरडीठाक, म्हणजे आपला मे महिना! तिथे तक्त्यातले रकाने कोरे असतात. अर्थ सरळ आहे: या हवेत सुपरहीट पाहून गॅस भरू नका. आणि मेकॅनिकला सर्वाधिक बोलावणी येतात ती नेमकी याच दिवसांत.

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान विभागानं सेन्सरचा दोष सांगून तो आकडा बाद केला. गेजच्या आकड्याची अशी उलटतपासणी कुणी करत नाही.

मग मार्ग वजनकाट्याचा. गळती बुजवायची, व्हॅक्यूम करायचा आणि युनिटच्या पट्टीवर छापलेत तेवढेच ग्रॅम तोलून भरायचे. पाइप लांब असेल तर कंपनीनं सांगितलेली वाढ धरून. वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात. पण नुसतं ‘गॅस भरला’ लिहिलेलं बिल स्वीकारू नका. गळती कुठे होती आणि किती ग्रॅम भरला, हे त्यावर लिहून मागा.