झेन शोधायला गेलो आणि ढोल वाजवून आलो

गेल्या सेमिस्टरला एम-थ्रीची केटी लागली आणि माझी झोप उडाली. हा वाक्प्रचार नाही, खरंच उडाली. रात्री तीनला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चकरा मारणारं भूत कोण, असं तिसऱ्या मजल्यावरचे ज्युनियर्स विचारत होते, तो मीच. त्याहून वाईट म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं अक्षरं दिसायची पण वाचता यायची नाहीत. कानात नुसते आपलेच ठोके.

रूममेटनं निदान केलं, "तुला झेन पाहिजे." त्याची चुलतबहीण आयटीत आहे. ती नुकतीच एका शांत, छोट्या, महागड्या हॉटेलात दोन रात्री राहून आली होती. बांबूची झाडं, पांढऱ्या वाळूवर दाताळ्याने रेघा ओढलेली बाग, पहाटे मौन, दुपारी जपानी पद्धतीचा चहा आणि मोबाईल काउंटरवर जमा. आम्ही दर विचारला. एका रात्रीचं भाडं माझ्या चार महिन्यांच्या मेस बिलाएवढं! "मोबाईल जमा करायचे पैसे घेतात?" रूममेट म्हणाला, "आपले रेक्टर फुकट करतात."

हॉटेल राहिलं, पण खाज काही जाईना. हे प्रकरण मुळात काय आहे ते वाचायला घेतलं. (सबमिशन तोंडावर असताना माणूस काय वाट्टेल ते वाचतो.)

जपानात या हॉटेलांचा खरा पूर्वज म्हणजे 'शुकुबो', देवळातली धर्मशाळा. आपल्याकडे पंढरपूरला किंवा आळंदीला यात्रेकरू उतरतात तसंच. कोयासान नावाच्या डोंगरावर शंभरावर देवळं आहेत आणि त्यातली सुमारे पन्नास आजही पाहुणे ठेवतात. जमिनीवर अंथरूण, कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी जेवण, पहाटे उठून प्रार्थनेला हजर. हा डोंगर कूकाई नावाच्या भिक्षूला इ.स. ८१६ मध्ये सम्राटाकडून मिळाला. कूकाई आधी चीनमध्ये शिकला होता, तिथे एका भारतीय भिक्षूकडून त्यानं संस्कृतचे धडे घेतले. म्हणून कोयासानला पाहुण्यांना जे ध्यान शिकवतात त्याचं नाव 'आजिकान'. समोर एक चित्र टांगलेलं असतं. त्यात चंद्र, खाली कमळ आणि मधोमध एकच अक्षर. ते अक्षर म्हणजे 'अ'. सिद्धम् लिपीतलं, म्हणजे आपल्या नागरीच्या जवळच्या नात्यातलं. बालवाडीत पाटीवर गिरवलेल्या अक्षराकडे बघत बसायला लोक विमानानं जपानला जातात, हे वाचून मी रूममेटला उठवलं. तो शिव्या घालून परत झोपला.

आणखी एक. जपानी मुलं आपली अक्षरं अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमानं शिकतात. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. 'झेन' हा शब्दसुद्धा आपलाच. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान, जपानात झेन. गिरगावातल्या 'ध्यान' म्हणून ओवाळून टाकलेल्या पोराला जपानात मान मिळावा तसं झालं.

मग कळलं की यातली एक खरी जपानी जागा आपल्यापासून बसच्या अंतरावर आहे. वरळीला, डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर, पोदार हॉस्पिटलजवळ. निप्पोनझान म्योहोजी हे संघाचं नाव, लोकांच्या तोंडी जपानी बुद्धमंदिर. फी नाही, बुकिंग नाही.

पहिल्यांदा गेलो ती संध्याकाळ. दादरहून बसने वरळी नाका, तिथून चालत. डोक्यात चित्र तयार होतं: वाळू, बांबू, शांतता. गेटपाशी पोचतो तोच आतून धडाम् धडाम्! लालबागच्या आगमनाला शोभावा असा आवाज. मी दोनदा पाटी वाचली. आत बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धचरित्रातली चित्रं आणि मोठ्या ढोलासमोर बसलेले भंते, एकच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणताहेत. मी कोपऱ्यात बसलो तर कुणीतरी माझ्याही हातात एक छोटं वाद्य आणि काठी दिली. म्हणजे ऐकायचं नाही, वाजवायचं!

चूक माझी होती. या संघाचा आणि झेनचा संबंध जवळजवळ भांडणाचाच. संघाची परंपरा निचिरेन (१२२२–१२८२) या भिक्षूची, आणि हा गृहस्थ झेनवाल्यांवर भयंकर चिडलेला असे. तिथे जाऊन झेनची चौकशी करणं म्हणजे वारकऱ्यांच्या दिंडीत शिरून हठयोगाचा क्लास कुठे भरतो हे विचारणं. वारकऱ्यांची उपमा मी उगाच देत नाही. निचिरेन गेला तेव्हा आपले ज्ञानदेव सात वर्षांचे होते. तिकडे निचिरेन सांगत होता की अवघड साधना सामान्य माणसाला जमणार नाही, एका ग्रंथाचं नाव मुखी घ्या, पुरे. इकडे त्याच सुमाराला नामदेव नामाचंच माहात्म्य गात होते. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

तो ग्रंथ म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्र. मूळ संस्कृतात. इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवानं त्याचं चिनी भाषांतर केलं आणि तेच जपानात गेलं. मंत्र आहे 'नामु म्योहो रेंगे क्यो'. ऐकताना पूर्ण परका वाटतो. पण उलगडून बघा: नामु म्हणजे नमः, म्योहो म्हणजे सद्धर्म, रेंगे म्हणजे कमळ, पुंडरीक, आणि क्यो म्हणजे सूत्र. 'सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार', एवढंच. जो शब्द चीन-जपान फिरून हजार-दीड हजार वर्षांनी वरळीला परत येतो तो ओळखू न आला तर त्याचा दोष नाही.

तो परत कसा आला? निचिदात्सु फुजी (१८८५–१९८५) हे या संघाचे संस्थापक. बौद्ध धर्म जिथून आला तिथे तो परत न्यायचा या ध्यासानं ते १९३१ मध्ये भारतात आले. ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. आता त्या वर्षीचा बाजार बघा. जूनमध्ये सरकारनं जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली होती आणि उत्तरादाखल जपानी गिरणीवाल्यांनी भारतीय कापूस घेणं बंद केलं होतं. मुंबई-जपान नातं मुळात कापसाचं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानी कंपनीची कोबे-मुंबई बोट सुरू झाली ती आपला कापूस न्यायलाच. तर ऐन भांडणात, वऱ्हाडच्या कापूसपट्ट्याला लागून असलेल्या वर्ध्यात, एक जपानी भिक्षू ढोल वाजवत खादीवाल्या माणसाकडे पोचला! पुढे तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत गेला आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यानेच होते. वर्ध्याकडचे आपले मित्र शाळेच्या सहलीत तो ऐकून आले आहेत, फक्त अर्थ कुणी सांगितला नव्हता. वरळीचं देऊळ १९५६ चं, बिर्लांच्या देणगीतून उभं राहिलेलं. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. तो धागा जपानपर्यंत जातो: कोयासानच्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

आता वाद्याकडे येतो, कारण इथे माझी केटी आडवी येते. त्याला जपानीत 'उचिवा दाइको' म्हणतात, पंखा-ढोल. कड्यावर ताणलेलं कातडं, खाली दांडा, दिसायला हातपंखा. मागे खोकं नाही, पोकळी नाही. शुद्ध वर्तुळाकार पडदा. मित्रहो, हाच तो पडदा ज्याच्या कंपनांचं उत्तर बेसेल फंक्शनमध्ये येतं! ताणलेल्या तारेची कंपनं १, २, ३ अशा पटीत असतात म्हणून सूर लागतो. पडद्याची १, १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी. म्हणून त्यातून सूर निघत नाही, नुसता 'धप्' निघतो. तबल्याला शाई लावून आपल्या लोकांनी ही आकडेवारी जवळजवळ पूर्णांकात आणली, हे सी. व्ही. रामन यांनी १९३४ च्या लेखात दाखवलं. पंखा-ढोलाला शाई नाही आणि मला वाटतं तेच बरं. सूर नाही म्हणून 'छान वाजतंय' असा मोह होत नाही. उरते फक्त लय. ज्या फंक्शनने मला नापास केलं ते हातात धरून मी तासभर बडवलं, याचं समाधान वेगळंच.

तो तास कसा होता? पहिली दहा मिनिटं लाज. मग हात दुखतो. मग आपण चुकतो, आणि चुकलो याचा विचार करत बसलो की पुढचा ठोकाही जातो. इथे मला काहीतरी सापडलं. एम-थ्रीच्या पेपरला माझं नेमकं हेच होत होतं. पहिला प्रश्न अडला की मी त्याच्यापाशीच बसायचो. ढोल तसं बसू देत नाही. गेलेला ठोका गेला, पुढचा आलाच. झेनमध्ये श्वास एक ते दहा मोजतात, मोजणी हुकली की पुन्हा एक. मला खोलीत ते दोन मिनिटंही जमलं नव्हतं, कारण हात आणि तोंड रिकामं असलं की माझं डोकं केटीकडे पळतं. वरळीला दोन्ही कामाला लावलेले असतात. तेव्हा हॉटेलातलं मौन वाईट असं मी म्हणत नाही, पण घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी मौन देणं मला चुकीचं वाटतं. त्याला आधी काम द्या.

यात शरीराचाही भाग आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांवरचा. मंत्र वेगळे होते: लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम'. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, म्हणजे दहा सेकंदाला एक. रक्तदाब सांभाळणाऱ्या आपल्या फीडबॅक लूपची स्वतःची लाटही जवळपास दहा सेकंदांचीच असते. कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको. दोन लाटा जुळल्या की रेझोनन्स, आणि लूपचा प्रतिसाद सुधारतो. (एक गंभीर सूचना: महिनोन्महिने झोप नसेल, जीव नकोसा होत असेल तर ढोल नाही, डॉक्टर. मीसुद्धा कौन्सेलरकडे दोनदा जाऊन आलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.)

मी गेलो एकूण नऊ वेळा. झोप दोन-अडीच आठवड्यांनी हळूहळू यायला लागली. केटीचा निकाल हा लेख देताना लागलेला नाही, त्यामुळे दावा काही करत नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी: पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना असते, चप्पल बाहेर, मोबाईल बंद, फोटो विचारल्याशिवाय नाही. वाद्य दिलं तर घ्या, भाव खाऊ नका. आपण पाहुणे आहोत, पिकनिकला आलेलो नाही, म्हणून दहा-बाराच्या टोळक्यानं जाऊ नये.

शेवटच्या खेपेला आबांना नेलं होतं. आबा म्हणजे आईचे काका, लालबागच्या चाळीत राहतात. गिरणीत विणाई खात्यात होते, एका वेळी दोन साचे सांभाळायचे. त्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठांवरून ओळखावं लागायचं, इतका गोंगाट. मी त्यांना झोपेचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "अरे, ब्याऐंशीच्या संपात साचे बंद पडले ना, तेव्हा चाळीत कुणाला झोप येईना. एवढी शांतता कुणी ऐकलीच नव्हती."

देवळात त्यांनी वाद्य घेतलं, काठी एकदा तोलली आणि दुसऱ्या फेरीपासून बरोबर लयीत. डोळे मिटलेले. मध्ये एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर बराच वेळ गप्प उभे होते. मला वाटलं, जुनं काही आठवलं असेल, म्हणून मीही बोललो नाही. बस आली, खिडकीची जागा मिळाली, आणि मग म्हणाले,

"तुझा धोटा मधेच अडकत होता रे."